विश्लेषण : आइन्स्टाइन युनियनमध्ये का गेले? बुद्धिजीवी आणि तंत्रज्ञांना संघटना कशासाठी लागते?

युनियन म्हटले की डोळ्यांसमोर गिरणीचा भोंगा, बंद फाटक आणि लाल बावटा येतो. प्राध्यापक, अभियंते, रसायनतज्ज्ञ किंवा संगणकतज्ज्ञ यांनी युनियन करावी, ही कल्पना आजही अनेकांच्या पचनी पडत नाही. शिकलेल्या माणसाने आपल्या गुणवत्तेवर पगार आणि मान मिळवावा, असे आपण धरून चालतो. पण ज्यांच्या गुणवत्तेबद्दल कोणालाच शंका नव्हती, ते अल्बर्ट आइन्स्टाइन १९३८ मध्ये शिक्षकांच्या युनियनचे सदस्य झाले. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. नोबेल मिळून दीड दशक उलटले होते. नोकरी पक्की होती, पगार भरपूर होता. स्वतःला काहीही मिळवायचे नसताना त्यांना युनियन का हवीशी वाटली? याचे उत्तर त्यांच्या समीकरणांत नाही, त्यांनी केलेल्या आणि त्यांना न मिळालेल्या नोकऱ्यांत आहे.

आइन्स्टाइन कोणत्या युनियनचे सदस्य होते?

अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही शिक्षकांची संघटना १९१६ मध्ये शिकागोत स्थापन झाली. नुसते अधिवेशन भरवणारे आणि ठराव करणारे मंडळ, असे तिचे स्वरूप नव्हते. ती अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेशी संलग्न होती. म्हणजे सुतार, गवंडी, नळकारागीर यांच्या पंगतीला शिक्षक येऊन बसले होते. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू, हेही या संघटनेचे सदस्य होते.

१९३८ मध्ये प्रिन्स्टन येथे या संघटनेची शाखा क्रमांक ५५२ निघाली. तिच्या संस्थापक सदस्यांत आइन्स्टाइन यांचे नाव होते. अमेरिकेत संघटना करण्याचा आणि मालकाशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा वॅगनर कायदा त्याआधी तीनच वर्षे, १९३५ मध्ये, झाला होता. पण खासगी विद्यापीठांतील वाद या कायद्याखाली ऐकण्यास संबंधित मंडळाने सुरुवात केली ती १९७० मध्ये. त्यामुळे १९३८ च्या त्या शाखेकडे पगारवाढ मिळवून देण्याची कायदेशीर ताकद जवळपास नव्हती. तरीही जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ आपण नोकरदार आहोत आणि इतर नोकरदारांसोबत आहोत, असे उघडपणे सांगत होता.

पदवीनंतर त्यांना नोकरी का मिळाली नाही?

आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म येथे झाला. वडील हर्मन आणि काका याकोब यांचा म्युनिकमध्ये विजेच्या उपकरणांचा कारखाना होता. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत तो टिकला नाही. १८९४ मध्ये कुटुंब इटलीला गेले, तिथेही धंदा बुडाला. पैशाची चणचण म्हणजे काय, हे अल्बर्ट यांनी घरातच पाहिले.

१९०० मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून ते पदवी घेऊन बाहेर पडले. विद्यापीठात साहाय्यकाची जागा मिळावी म्हणून त्यांनी अनेक प्राध्यापकांना पत्रे लिहिली. बहुतेकांनी उत्तरही दिले नाही. साहाय्यक निवडण्याचा अधिकार पूर्णपणे त्या त्या प्राध्यापकाकडे असे. जाहिरात नाही, निवड समिती नाही, दाद मागायला जागा नाही. झुरिकमधील आपले प्राध्यापक हाइनरिश वेबर यांच्याशी आइन्स्टाइन यांचे बिनसले होते आणि वेबर आपल्याबद्दल वाईट शब्द टाकत असावेत, असा त्यांचा संशय होता.

१९०१ च्या वसंतात वडिलांनी मुलाला न सांगता लाइपझिगचे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिले. मुलगा खचला आहे, त्याला दोन उत्तेजनाचे शब्द लिहा, जमल्यास जागा द्या, अशी विनवणी त्यात होती. त्याचा काहीच उपयोग झाला नाही. आइन्स्टाइन यांचे नाव नोबेलसाठी सर्वांत आधी सुचवणारे पुढे हेच ओस्टवाल्ड ठरले.

मधल्या काळात आइन्स्टाइन यांनी विंटरथुर येथे काही महिने बदली शिक्षक म्हणून काम केले. मग शाफहाउझेनमध्ये खासगी शिकवणी केली. १९०२ च्या सुरुवातीला बर्नच्या स्थानिक वर्तमानपत्रात त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवणीची जाहिरात दिली. तासाला तीन फ्रँक, पहिला तास फुकट. आज नेट-सेट उत्तीर्ण होऊन क्लासमध्ये शिकवणाऱ्या तरुणाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

पेटंट कार्यालयाने त्यांना काय दिले?

मित्र मार्सेल ग्रोसमान याच्या वडिलांच्या ओळखीने अखेर बर्नच्या पेटंट कार्यालयात काम मिळाले. २३ जून १९०२ रोजी आइन्स्टाइन तिसऱ्या श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून हंगामी तत्त्वावर रुजू झाले. वार्षिक पगार ३,५०० फ्रँक. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास. विजेच्या यंत्रांचे आराखडे तपासायचे, दाव्यात नवे काय आहे ते शोधायचे आणि अहवाल लिहायचा. दोन वर्षांनी नोकरी कायम झाली. १९०६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत बढती आणि पगार ४,५०० फ्रँक.

थोडक्यात, सापेक्षता सिद्धांत मांडणारा माणूस त्या वेळी आजच्या भाषेत तांत्रिक संवर्गातील सरकारी कर्मचारी होता. १९०५ मधील त्यांचे चारही प्रसिद्ध शोधनिबंध याच नोकरीच्या काळातले आहेत. कामाचे तास ठरलेले, पगार वेळेवर, श्रेणी लेखी आणि संध्याकाळ स्वतःची. या नोकरीबद्दल ते शेवटपर्यंत कृतज्ञ राहिले. विद्यापीठातील तरुणावर सतत काहीतरी छापण्याचे दडपण असते, त्यातून उथळ काम होते. पोटापाण्यासाठी दुसरा साधा व्यवसाय असला की मनाला येईल तो प्रश्न धरून बसता येते, असे त्यांचे मत होते.

त्या काळच्या विद्यापीठात शिरायचे तर आधी प्रिव्हाटडोझेंट व्हावे लागे. या पदाला विद्यापीठाचा पगार नसे. जितके विद्यार्थी येतील तितकी फी, एवढेच उत्पन्न. १९०८ मध्ये आइन्स्टाइन बर्न विद्यापीठात असे अध्यापक झाले, पण पेटंट कार्यालयातील नोकरी त्यांनी सोडली नाही, कारण नुसत्या व्याख्यानांवर घर चालणे शक्य नव्हते. श्रोते मोजकेच असत. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या प्राध्यापकांना या व्यवस्थेत ओळखीचे काही दिसेल. ज्याच्याकडे दुसरे उत्पन्न किंवा घरचा आधार आहे, त्यालाच ती परवडे.

१९०९ मध्ये त्यांना झुरिक विद्यापीठात पगारी प्राध्यापकपद मिळाले. त्यानंतर प्राग, पुन्हा झुरिक आणि १९१४ मध्ये बर्लिन, अशी चढती कमान राहिली.

महागाईने प्राध्यापकांचे काय केले?

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलनाची किंमत कोसळली. १९२३ मध्ये तर पगार हातात पडेपर्यंत त्याचे मोल उरत नसे. संघटित कामगारांना निदान मजुरीचे दर पुन्हा पुन्हा ठरवून घेण्याचा मार्ग होता. प्राध्यापक, लेखक, संशोधक यांच्यातील अनेकांकडे तोही नव्हता.

याच सुमारास, १९२२ मध्ये, राष्ट्रसंघाने बौद्धिक सहकार्यासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली. अध्यक्ष हेन्री बर्गसाँ, सदस्यांत मेरी क्युरी आणि आइन्स्टाइन. युद्धानंतर बौद्धिक काम करणाऱ्यांची स्थिती काय आहे, याची पाहणी हे या समितीच्या पहिल्या कामांपैकी एक होते. पुढे जगदीशचंद्र बोस हेही तिचे सदस्य झाले. बोस यांची पगाराची लढाई आपल्याकडे प्रसिद्ध आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्यापेक्षा कमी पगार दिला जाई. बोस यांनी तीन वर्षे शिकवणे चालू ठेवले, पण पगार घेतला नाही. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. ही लढाई मोठी होती, पण ती एकट्याची होती. तीन वर्षे बिनपगारी राहणे किती जणांना जमेल, हा प्रश्न तिच्यातच दडलेला आहे.

१९३३ मध्ये नेमके काय घडले?

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. आइन्स्टाइन तेव्हा अमेरिकेत होते. ते युरोपला परतले, पण जर्मनीत गेले नाहीत. मार्चअखेर बेल्जियममधून त्यांनी प्रशियन विज्ञान अकादमीचा राजीनामा पाठवला.

७ एप्रिल १९३३ रोजी नाझी सरकारने सरकारी सेवेसंबंधीचा कायदा आणला. ज्यू वंशाच्या आणि राजकीयदृष्ट्या नकोशा लोकांना सरकारी सेवेतून काढण्याची मुभा त्याने दिली. जर्मनीत विद्यापीठे सरकारी होती, त्यामुळे प्राध्यापक थेट या कायद्याच्या तडाख्यात आले. गॉटिंगेनमधून मॅक्स बॉर्न, गणितज्ञ एमी नोएथर अशी माणसे एका फटक्यात बाहेर गेली. चार आठवड्यांच्या आत, २ मे रोजी, नाझींनी देशभरातील कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली आणि पुढाऱ्यांना अटक केली. १० मे रोजी बर्लिनमध्ये पुस्तके जाळली गेली.

या तीन तारखा एकत्र वाचल्या की एक गोष्ट दिसते. कामगार संघटना मोडण्यासाठी सरकारला धाडी घालाव्या लागल्या. प्राध्यापकांच्या बाबतीत त्याची गरजही पडली नाही. सहकाऱ्यांना काढले जात असताना विद्यापीठांतून संघटित विरोध झालाच नाही. मॅक्स फॉन लाउए यांच्यासारखे थोडे अपवाद सोडले तर बहुतेक जण गप्प राहिले. काहींनी रिकाम्या जागांकडे डोळे लावले. प्रशियन अकादमीने तर आइन्स्टाइन यांनाच देशाची बदनामी केल्याबद्दल दूषणे दिली. ज्ञानाच्या क्षेत्रातील आपले सहकारी कसे वागले, याचा सल त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये देशोधडीला लागलेल्या विद्वानांसाठी निधी जमवण्याची सभा झाली. आइन्स्टाइन तिथे बोलले. शांत, एकाकी जागी, उदाहरणार्थ दीपगृहावर नोकरी असेल तर तरुण संशोधकाला विचार करायला किती चांगले, अशी कल्पना त्यांनी त्या भाषणात मांडली. एकांत त्यांना प्रिय होता. समित्यांचा आणि सभांचा त्यांना कंटाळा होता. असा माणूस पाच वर्षांनी युनियनचा सदस्य होतो, हे म्हणूनच लक्षात घेण्याजोगे आहे.

स्वतःचा पगार त्यांनी कसा ठरवला?

प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीने १९३२ मध्ये त्यांची नेमणूक ठरवली. संचालक अब्राहम फ्लेक्सनर यांनी अपेक्षित पगार विचारला, तेव्हा आइन्स्टाइन यांनी वर्षाला तीन हजार डॉलरचा आकडा सांगितला. हे चालेल ना, की त्याहून कमीत भागेल, असेही विचारले. एवढ्या कमी पगारावर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ ठेवणे संस्थेलाच कमीपणाचे वाटले. फ्लेक्सनर यांनी पुढची बोलणी आइन्स्टाइन यांच्या पत्नी एल्सा यांच्याशी केली आणि पगार मागितल्याच्या कित्येक पट ठरला.

हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. त्यात युनियनच्या कामाचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. आपल्या विषयात पारंगत असलेला माणूस आपल्या श्रमाची किंमत ठरवण्यात कच्चा असू शकतो. बाजारात काय दर आहे, मालकाची ऐपत किती, शेजारच्या टेबलावरच्याला काय मिळते, हे त्याला ठाऊक नसते आणि विचारायला संकोच वाटतो. आइन्स्टाइन यांच्या समोर उदार संचालक होता. सगळ्यांच्या समोर तसा असतोच असे नाही. पगारश्रेणी लेखी आणि सर्वांना माहीत असावी, हा युनियनचा आग्रह इथून येतो.

त्यांच्या मते संघटनेची उद्दिष्टे कोणती?

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, बौद्धिक काम करणाऱ्यांच्या एका परिषदेला आइन्स्टाइन यांनी संदेश पाठवला. पुढच्या वर्षी याच विषयावर त्यांनी पुन्हा लिहिले. त्यातील मांडणी सोपी आहे.

पहिले उद्दिष्ट आर्थिक. बौद्धिक काम करणारा माणूस संघटित नसल्याने मनमानी आणि पिळवणूक यांच्यापुढे तो इतर कोणत्याही व्यवसायातील माणसापेक्षा अधिक उघडा पडतो, असे त्यांचे निरीक्षण होते. या बाबतीत कामगारांकडून शिकावे, असे ते स्पष्ट सांगतात.

दुसरे उद्दिष्ट राजकीय प्रभावाचे. शास्त्रज्ञ आणि शिक्षक यांच्याकडे माहिती असते, पण निर्णय दुसरे घेतात. एकेकट्याचे मत वर्तमानपत्रातील पत्रापुरते उरते. संघटनेने लोकशिक्षण करावे आणि सार्वजनिक मत घडवावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

तिसरे उद्दिष्ट विचार आणि अध्यापनाच्या स्वातंत्र्याचे. हे स्वातंत्र्य राखणे त्यांना बुद्धिजीवींच्या संघटनेचे खास काम वाटत होते. ते नसेल तर लोकशाहीची वाढ निरोगी होणार नाही, हा त्यांचा इशारा होता. यामागे १९३३ चा अनुभव उभा आहे, हे सांगायला नको.

एक धोकाही त्यांनी आधीच दाखवून ठेवला. कामगार चळवळीला सर्वांत जास्त दुबळे केले ते आपसातील भांडणांनी. तीच चूक आपण करू नये, असे त्यांनी बजावले.

तंत्रज्ञांची युनियन कशी होती?

शिक्षकांप्रमाणे अभियंते आणि तंत्रज्ञही त्या काळात संघटित होत होते. महामंदीत बांधकामे थांबली, कारखाने बंद पडले आणि नकाशे काढणारे, रसायने तपासणारे, पूल बांधणारे हजारो पदवीधर रस्त्यावर आले. १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फेडरेशन ऑफ आर्किटेक्ट्स, इंजिनीअर्स, केमिस्ट्स अँड टेक्निशियन्स ही संघटना निघाली. १९३७ मध्ये ती सीआयओ या औद्योगिक कामगारांच्या महासंघात गेली. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘ओपेनहायमर’ हा चित्रपट पाहिलेल्यांना बर्कलीच्या प्रयोगशाळेत युनियन काढण्याचा प्रसंग आठवत असेल. ती हीच संघटना. युद्धकाळात गुप्त संशोधनाच्या जागी युनियन नको म्हणून तिथले काम थांबवण्यात आले. रॉबर्ट ओपेनहायमर स्वतः त्याआधी शिक्षकांच्या युनियनमध्ये सक्रिय होते.

अणुबॉम्बनंतर शास्त्रज्ञांच्या संघटनेचे दुसरे रूप दिसले. अणुऊर्जा लष्कराच्या हाती जाऊ नये म्हणून १९४५-४६ मध्ये तरुण शास्त्रज्ञांनी संघ स्थापून वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींना गाठले. १९४६ च्या कायद्याने अणुऊर्जेचे नियंत्रण नागरी आयोगाकडे दिले. त्याच वर्षी अणुशास्त्रज्ञांच्या आणीबाणी समितीचे अध्यक्षपद आइन्स्टाइन यांनी स्वीकारले. ही युनियन नव्हती, पण एकत्र आल्यावर बुद्धिजीवींचा आवाज कुठवर पोहोचतो, हे तिने दाखवले.

१९५३ मध्ये शिक्षक आणि अभियंता त्यांच्याकडे का गेले?

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशांचे सत्र सुरू झाले. संसदीय समित्या शिक्षकांना, कलावंतांना, अभियंत्यांना बोलावून त्यांचे संबंध आणि सदस्यत्व विचारू लागल्या. उत्तर नाकारले की नोकरी जाई. आइन्स्टाइन यांच्यावरही संघीय गुप्तचर यंत्रणेची नजर होती. त्यांची फाइल १,४०० हून अधिक पानांची झाली.

ब्रुकलिनमधील इंग्रजीचे शिक्षक विल्यम फ्राउएनग्लास यांना असेच बोलावणे आले होते. त्यांनी आइन्स्टाइन यांना सल्ला विचारला. आइन्स्टाइन यांचे उत्तर १२ जून १९५३ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आले. बुद्धिजीवींनी अशा समितीपुढे साक्ष देण्यास नकार द्यावा, त्यासाठी तुरुंगवास आणि आर्थिक नुकसान सोसण्याची तयारी ठेवावी, असे त्यात म्हटले होते. मार्ग म्हणून त्यांनी महात्मा गांधींच्या असहकाराचे नाव घेतले होते. त्याच वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी अग्रलेखातून त्यांच्यावर टीका केली. फ्राउएनग्लास यांची नोकरी गेली.

त्याच वर्षअखेर अल्बर्ट शॅडोविट्झ या अभियंत्याला सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या समितीने बोलावले. न्यूजर्सीतील दूरसंचार प्रयोगशाळेत काम करताना तंत्रज्ञांची ती युनियन उभी करण्यात त्यांचा वाटा होता. ते गाडी काढून थेट प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांच्या घरी गेले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याची मुभा देणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला, तर काहीतरी लपवल्यासारखे दिसते. त्याऐवजी भाषण आणि संघटनेच्या स्वातंत्र्याच्या पहिल्या घटनादुरुस्तीवर उभे राहा, असा सल्ला त्यांना मिळाला. शॅडोविट्झ यांनी समितीपुढे तसेच केले. संसदेच्या अवमानाचा खटला त्यांच्यावर भरला गेला, तो पुढे निकालात निघाला.

या दोन प्रसंगांत एक उणीव डोळ्यांत भरते. शिक्षक आणि अभियंता, दोघांनाही वृद्ध शास्त्रज्ञाचे दार ठोठवावे लागले. जे काम भक्कम संघटनेने करायचे, म्हणजे वकील देणे, पगार बंद झाला तर घर चालवायला मदत करणे, उरलेल्यांनी सोबत उभे राहणे, ते एका माणसाच्या नैतिक वजनावर चालले होते.

मग संघटना कुठे होत्या?

आपसात भांडत होत्या. आइन्स्टाइन यांनी १९४४ मध्ये ज्याची भीती घातली, ते आधीच सुरू झालेले होते. कम्युनिस्टांचे वर्चस्व असल्याच्या कारणावरून शिक्षक महासंघाने १९४१ मध्ये न्यूयॉर्कची आपलीच मोठी शाखा काढून टाकली. तंत्रज्ञांची संघटना युद्धानंतर कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या संघटनेत विलीन झाली आणि ती संघटना १९५० मध्ये सीआयओने बाहेर काढली. चौकशीचा घाला आला तेव्हा अनेक शिक्षक आणि अभियंत्यांच्या मागे उभे राहायला कोणी उरले नव्हते.

युनियनवर घेतले जाणारे आक्षेप इथे विसरून चालणार नाही. संघटना पक्षाच्या दावणीला बांधली जाते, पात्रतेपेक्षा सेवाज्येष्ठता मोठी होते, कामचुकारांना आसरा मिळतो, अशा तक्रारी तेव्हाही होत्या, आजही आहेत. त्यातल्या काही खऱ्याही असतात. १९३३ ते १९५३ या वीस वर्षांचा हिशेब मात्र सांगतो की संघटना नसण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती बहुधा एकेकट्याला मोजावी लागते.

प्लंबर व्हायला आवडले असते, असे त्यांनी का सांगितले?

नोव्हेंबर १९५४ मध्ये ‘द रिपोर्टर’ या नियतकालिकाने अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या स्थितीवर त्यांचे मत छापले. पुन्हा तरुण झालो तर शास्त्रज्ञ किंवा शिक्षक होण्याऐवजी आपण प्लंबर किंवा फेरीवाला होणे पसंत करू, कारण त्या धंद्यांत निदान थोडे स्वातंत्र्य उरले आहे, असा त्याचा आशय होता. देशभर चर्चा झाली. प्लंबरांच्या एका युनियनने त्यांना मानद सदस्यत्व देऊ केले.

लोकांनी हसून सोडून दिलेला तो प्रसंग आइन्स्टाइन यांच्या दृष्टीने गंभीर होता. ज्याला प्रश्न विचारण्यासाठीच नेमले आहे, त्याला प्रश्न विचारल्यामुळे नोकरी गमवावी लागत असेल, तर त्याच्यापेक्षा नळ दुरुस्त करणारा अधिक मोकळा, एवढाच त्यांचा हिशेब होता. प्लंबरकडे कौशल्य असते आणि पाठीशी युनियनही असते.

कायद्याच्या नजरेत बुद्धिजीवी कामगार आहे का?

१८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्यातील हा प्रश्न मात्र न्यायालयांत चालूच राहिला.

अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने बौद्धिक स्वरूपाचे काम करणाऱ्या व्यावसायिकांची वेगळी व्याख्या केली आणि इतर कामगारांसोबत एकाच गटात जायचे की नाही, हे मतदानाने ठरवण्याचा हक्क त्यांना दिला. म्हणजे व्यावसायिकही संघटना करू शकतो, हे मान्य झाले. पण १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की तेथील पूर्णवेळ प्राध्यापक अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यांत निर्णय घेतात, म्हणून ते व्यवस्थापनाचाच भाग आहेत. परिणामी सामूहिक वाटाघाटींचे कायदेशीर संरक्षण त्यांना नाही. योगायोग असा की याच विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आइन्स्टाइन यांनी १९५३ मध्ये आपले नाव देण्यास संमती दिली होती.

भारतात हाच प्रश्न गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कामगाराची जी व्याख्या होती, तिच्यात तांत्रिक काम करणाऱ्यांचा समावेश १९५६ च्या दुरुस्तीने झाला. पत्रकारांना १९५५ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षण मिळाले. पण गोव्यातील एका शाळेने सेवेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा त्या कायद्याखालील कामगार नाही, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे, कारकुनी, तांत्रिक किंवा देखरेखीचे काम ठरत नाही. शिक्षकांना दाद मागण्याची वेगळी सोय कायद्याने करावी, असेही न्यायालयाने सुचवले. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा वेगळा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे.

दोन्ही देशांतील निकालांत शिक्षकाच्या कामाचा मोठेपणा मान्य झाला आणि त्याच मोठेपणामुळे त्याचे संरक्षण कमी झाले. अमेरिकेत तो निर्णय घेणारा ठरला, भारतात पवित्र कार्य करणारा. बर्नच्या कार्यालयात तिसऱ्या श्रेणीत रुजू झालेल्या तांत्रिक तज्ज्ञाला मात्र स्वतःला नोकरदार म्हणवून घेण्यात कधी कमीपणा वाटला नाही. म्हणूनच, मानाची कमतरता नसतानाही, साठीला आल्यावर त्यांनी युनियनचे सदस्यत्व घेतले.